मीटरवर पास, घाटात नापास

"नवा पार्ट घातलाय, आता काळजी नको." गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचं हे लाडकं वाक्य. गाडी १९६१ च्या आधी आलेली ओपेल असो की नंतरची प्रीमियर पद्मिनी, माझा भरवसा नव्यापेक्षा वीस वर्षं चाललेल्या पार्टवर जास्त. सदोष नग बहुधा सुरुवातीलाच मरतात. जुन्याने ती परीक्षा कधीच दिलेली असते.

गॅरेजातला इलेक्ट्रिशियन कंडेन्सरला, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेतल्या वीज साठवणाऱ्या छोट्या डबीला, मल्टिमीटर लावतो आणि म्हणतो, "पात्रांव, मिटरार बरो दिसता मरे!" दिसणारच. मीटर त्याच्यावर जेमतेम दोन-चार व्होल्ट लावतो. गाडीत त्याला दोन-तीनशे व्होल्ट सोसायचे असतात, आणि बॅटरी तर फार तर बाराची!

पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, मिटलेले असताना ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर वाहतात, गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. मग प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा फिरता कॅम पॉइंट उघडतो, फार तर ०.४ मिलिमीटर. फॅराडेचा नियम शाळेत झालेलाच आहे: क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितके व्होल्ट जास्त. पण प्रवाह सहजी थांबत नाही. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धडधडतो, तसा तोही धडक मारतो आणि फट ओलांडू पाहतो. ओलांडली तर ठिणगी पॉइंटवरच पडते, क्षेत्र रेंगाळत मरतं आणि प्लगपर्यंत धड काही पोचत नाही. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास धारितेचा, म्हणजे साठवणक्षमतेचा, कंडेन्सर नेमका त्या क्षणी प्रवाह पोटात घेतो, तेवढ्यात फट रुंदावते. दुसऱ्या वेटोळ्यात वेढे शंभरेक पट, म्हणून प्लगला दहा-वीस हजार व्होल्ट मिळू शकतात. धारिता फार वाढवली तर तीच ऊर्जा कमी व्होल्टमध्ये मावते आणि ठिणगी मरगळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा खेळ सेकंदाला १०० वेळा चालतो.

जुन्या पद्धतीचा कंडेन्सर म्हणजे कागद आणि धातूच्या वर्खाची गुंडाळी. ती तापली की कागदाचा रोध घसरतो, ओल धरलेली असेल तर आणखीच, आणि गाडी मिसिंग करू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकते. थंड झाली की पुन्हा शहाणी. मग लोक सांगतात, त्या वळणावर गाडी नेहमी बंद पडते, तिथे काहीतरी आहे. आहे ना, चढ आहे. नारळ ठेवायचा तर ठेवा, पण बॉनेटही उघडा. 'पॉवरफुल स्पार्क'वाल्या कॉइलचंही तेच. प्लगची फट मागते तेवढ्याच व्होल्टला ठिणगी पडते. डब्यावरचे चाळीस हजार डब्यावरच राहतात.

खाऱ्या हवेने गंजलेलं अर्थिंग, म्हणजे बॅटरीची गाडीच्या सांगाड्याशी जोडणी, हेही मीटरला चकवतं. स्टार्टर १०० अँपिअर ओढतो तेव्हा ०.०२ ओहमचा गंज २ व्होल्ट खातो.

म्हणून चाचणी रस्त्यावर. एका वेळी एकच पार्ट बदला. जुना, चालता पार्ट डिकीत ठेवा. आधी गावातल्या गावात फिरवा, मग मोलेहून अनमोड घाट चढा आणि वर इंजिन बंद करून चहा घ्या. पंखा थांबलेला, पाणी फिरत नाही, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. नेमकी तेव्हाच गाडी सुरू करून पाहा. घरी आल्यावर पॉइंट तपासा. एकावर टेकडी आणि समोरच्यावर खळगा दिसला तर कंडेन्सरची धारिता जुळत नाही असं समजा. दोन्ही राखाडी, सपाट असतील तर तो राहू द्या आणि मगच कॉइलला हात लावा.