एअरोस्पेसचं काम घेताय? मग जॉबच्या आधी टीसी (मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट) पाठवा

(आमच्याकडे सीएमएम मशीनवर मोजणी आणि फर्स्ट आर्टिकल रिपोर्ट, म्हणजे नव्या पार्टच्या पहिल्या नगाच्या पूर्ण तपासणीचा रिपोर्ट, करून घेणाऱ्या वर्कशॉपसाठी)

काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. एक, "या लाइनीत खरंच काम आहे, की नुसत्या बातम्या?" दुसरा, "मापं दिवसात होतात, मग रिपोर्टला आठवडा का लावता?"

काम आहे. २०२४ मध्ये एअरबसने ७६६ विमानं दिली, आणि वर्षअखेरीला तिच्याकडे ८,६०० हून जास्त विमानांच्या ऑर्डरी बाकी होत्या. त्या वेगाने अकरा वर्षं पुरतील एवढ्या. बोइंगची त्या वर्षी ३४८ च विमानं गेली. जानेवारीत एका ७३७ मॅक्सचा दाराच्या जागी बसवलेला पॅनेल हवेत निखळला, मग एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, महिन्याच्या उत्पादनावर मर्यादा घातली, आणि पुढे कामगारांचा संपही झाला. आपल्याकडे २०२३ मध्ये इंडिगोने एकदम ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानं मागवली. जवळचं बघायचं तर ओझरला एचएएलची तेजसची लाइन २०२५ मध्ये सुरू झाली. आधीच्या ८३ विमानांवर हवाई दलाने आणखी ९७ मागवली आहेत. चीनच्या सी९१९ या प्रवासी विमानाबद्दलही विचारतात. त्याचा आपल्या गाळ्यांवर इतक्यात परिणाम होईल असं आम्हाला वाटत नाही.

स्पर्धा मात्र शेजारच्या गाळ्याशी नाही. मोरोक्कोत कासाब्लांकाच्या आसपासचे कारखाने युरोपच्या दारात आहेत, मेक्सिकोतलं केरेतारो अमेरिकेच्या. बेळगावला तर फोर्जिंगपासून सरफेस ट्रीटमेंटपर्यंत सगळं एकाच आवारात होतं. त्यांच्यापुढे मशीनचा तासाचा रेट दहा-वीस रुपयांनी उतरवून काही साधत नाही. या धंद्यात शिरायला वेळ लागतो, पण एकदा बसलेला पुरवठादार सहसा हलवत नाहीत. पार्ट बनवायची जागा बदलली की फर्स्ट आर्टिकल पुन्हा करावं लागतं, आणि तो खर्च-वेळ कुणालाच नको असतो. म्हणून पहिला रिपोर्ट नीट जाणं एवढं महत्त्वाचं.

आता आठवडा का लागतो ते. एएस ९१०२ या फर्स्ट आर्टिकलच्या स्टँडर्डमध्ये एकूण तीन फॉर्म असतात. पहिल्यात पार्ट आणि त्याचे जोडभाग, दुसऱ्यात मटेरियल आणि स्पेशल प्रोसेस (हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग वगैरे), तिसऱ्यात मापं. बहुतेक मंडळी तिसऱ्यालाच रिपोर्ट समजतात. आमच्याकडे अडून पडलेले जॉब मात्र जवळजवळ सगळे दुसऱ्यावर अडलेले असतात, आणि कारण एकच: हीट नंबर, म्हणजे धातू ज्या घाण्यातून ओतला त्याचा नंबर, हरवलेला.

तो हरवतो कटिंगला. बारच्या ज्या टोकाला नंबर असतो तेच टोक पहिल्यांदा कापलं जातं. उरलेला तुकडा रॅकवर जातो, दोन महिन्यांनी दुसऱ्या बारच्या तुकड्यांत मिसळतो, आणि पुढचा जॉब त्यातून निघतो. मग फाइलमधला टीसी खरा, जॉबही मापात, पण हा जॉब त्याच टीसीचा आहे हे दाखवायला हातात काही नाही. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर उतरवा आणि तोच रूट कार्डवर (जॉबबरोबर फिरणाऱ्या कार्डावर) लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, ऑपरेटरच्या अंगवळणी पडायलाच काय तो वेळ लागतो.

"पीएमआय गन मारून द्या की," असं मग सुचवलं जातं. ही धातूची मिश्रणं ओळखणारी गन. तिने ग्रेड कळतो, टेंपर (हीट ट्रीटमेंटने आलेली अवस्था) कळत नाही. अ‍ॅल्युमिनियम ७०७५ आहे एवढं ती सांगेल, टी६५१ की टी७३५१ हे नाही. हार्डनेस आणि कंडक्टिव्हिटीने टेंपरचा अंदाज येतो, हीट नंबर तरीही मिळत नाही. आणि शेजारच्या हीटचा टीसी जोडून रिपोर्ट आम्ही करत नाही. कोणी कितीही जुनं गिऱ्हाईक असो. यावरून दोघं-तिघं नाराज होऊन गेले, त्याला इलाज नाही. २०२४ मध्ये बनावट कागदपत्रांचं टायटॅनियम बोइंग आणि एअरबस दोघांच्याही विमानांच्या भागांत सापडलं, एफएएने चौकशी लावली. अशा वेळी पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत विचारणा येते.

प्लेटिंग किंवा अ‍ॅनोडायझिंगच्या सर्टिफिकेटवर पार्ट नंबर, नग आणि स्पेसिफिकेशनची रिव्हिजन आहे ना, तेवढं चलन घेतानाच बघा. प्रोसेसवाल्याला नॅडकॅप (एअरोस्पेसच्या स्पेशल प्रोसेससाठीची मान्यता) लागतं का, ते पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं.

कागद पूर्ण नसतील तर जॉब आम्ही ठेवून घेतो, पण मशीनवर लावत नाही. अर्धवट रिपोर्ट पुन्हा उघडला की वेगळे पैसे लागतात. ते टाळायचा सोपा मार्ग आहे: नव्या पार्टची ऑर्डर आली की बार कापण्याआधी ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डर आणि टीसी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बघून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. ड्रॉइंगला बलून नंबर (प्रत्येक मापाला गोलातला क्रमांक) आम्हीच घालून देतो, ते मोजणीच्या दरातच आहे. दोन वर्षं बंद असलेला पार्ट परत सुरू करत असाल तर तेही आधी कळवा, कारण त्याचंही फर्स्ट आर्टिकल नव्याने लागतं. टायटॅनियमचा जॉब असेल तर मात्र फोटोवर भागवू नका, टीसीची प्रत आणि उरलेला तुकडा घेऊन या.