बस्टेड कॉल (हौशी रेडिओ स्पर्धा)

हौशी रेडिओच्या स्पर्धेत समोरच्या केंद्राचे कॉलसाईन (अक्षरे-आकड्यांची अधिकृत ओळख) चुकीचे ऐकले किंवा चुकीचे टंकले गेले आणि ते तसेच लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, राहिले, तर त्या नोंदीला ‘बस्टेड कॉल’ म्हणतात. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, बोलताना ‘कॉल बस्ट झाला’ एवढेच म्हणतात. स्पर्धेतला संपर्क दोन बाजूंचा असतो. दोन्ही केंद्रांनी एकमेकांचे कॉलसाईन आणि ठरलेली माहिती (सिग्नलचा अहवाल, क्रमांक वगैरे) बिनचूक घेतली, तरच तो पुरा झाला असे धरतात. त्यामुळे एका अक्षराच्या चुकीने चुकणाऱ्याचा सबंध संपर्क बाद होतो आणि काही मोठ्या स्पर्धांत वर दंडही बसतो. चूक संपर्क चालू असतानाच दुरुस्त करणे हे ऑपरेटरचे काम, ती मागाहून हुडकणे हे लॉग तपासणाऱ्यांचे. या दोन कामांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हे या विषयातल्या नियमांचे मूळ आहे.

चूक कुठे होते

मोर्समध्ये चुका ठरावीक जागी होतात. एस म्हणजे तीन डिट (टिपके), एच म्हणजे चार आणि ५ हा आकडा म्हणजे पाच. मिनिटाला तीस-पस्तीस शब्दांच्या वेगात, सिग्नल वरखाली होत असताना, एखादा डिट गोंगाटात बुडतो, नाहीतर वातावरणातली खरखर एक जादा डिट बनून ऐकू येते. व्ही आणि ४, बी आणि ६, डब्ल्यू आणि जे, जे आणि १ या जोड्याही अशाच एका टिपक्याच्या किंवा एका रेघेच्या फरकाच्या. अमेरिकेतल्या न्यूइंग्टन येथील एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेच्या केंद्राचे डब्ल्यू१एडब्ल्यू हे प्रसिद्ध कॉलसाईन घ्या. शेवटच्या डब्ल्यूला एक रेघ जास्त आहे असे वाटले, की त्याचे डब्ल्यू१एजे होते. हेही रचनेने अगदी शुद्ध कॉलसाईन आहे. ते पाहून ऑपरेटरला शंका येत नाही आणि सॉफ्टवेअरही हटकत नाही. बस्टेड कॉल सहसा बरोबरच दिसतो, आणि खरी अडचण तीच आहे.

बोलून होणाऱ्या संपर्कात बी, डी, ई, पी, टी, व्ही ही अक्षरे एकमेकांत मिसळतात, तसेच एफ आणि एस. त्यासाठी ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही आंतरराष्ट्रीय शब्दमाला आहे. ती १९५६ पासून विमानवाहतुकीत रुळली आणि हॅमनीही ती उचलली. स्पर्धेत मात्र अनेकजण ‘किलो’ऐवजी ‘किलोवॉट’, ‘झुलू’ऐवजी ‘झांझिबार’, ‘गोल्फ’ऐवजी ‘जर्मनी’ असे शब्द वापरतात. एक शब्द पोहोचत नसेल तर दुसरा, जास्त लांबीचा शब्द पोहोचतो, हा अनुभव खरा आहे. पण प्रत्येक वेळी शब्द बदलत गेले तर ऐकणाऱ्याचा गोंधळ वाढतो. आधी ठरलेला शब्द, आणि तो दोनदा फसला तरच पर्यायी शब्द, हा क्रम बरा.

रेडिओ टेलिटाइपची, म्हणजे हवेवरून टंकलेला मजकूर पाठवण्याची, तऱ्हा निराळी. तिथला पाच बिटांचा संकेत चूक ओळखत नाही, आणि अक्षरे व आकडे यांच्यात अदलाबदल करणारा संकेत हुकला तर सिग्नल अहवालातल्या ५९९च्या जागी पडद्यावर ‘टीओओ’ उमटते. कॉलसाईनमधल्या आकड्याचेही तेच होते. १ असेल तिथे क्यू दिसतो. याउलट संगणकाने संदेश पाठवण्या-वाचण्याच्या एफटी८ या पद्धतीत प्रत्येक संदेशाबरोबर १४ बिटांची पडताळणी जाते, त्यामुळे खोटे कॉलसाईन उमटणे विरळाच. तिथे मतभेद होतात ते शेवटचा संदेश पोहोचला की नाही, म्हणजे संपर्क पुरा झाला की नाही, यावर.

काही चुकांशी कानांचा संबंधच नसतो. डीएक्स क्लस्टरवर, म्हणजे कोणते केंद्र कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आहे हे हॅम एकमेकांना कळवतात त्या सामाईक फलकावर, कोणी एखाद्या केंद्राचे कॉलसाईन चुकीचे टाकले, की ते वाचून धावलेले अनेकजण तेच चुकीचे कॉलसाईन लॉग करतात. मोर्स आपोआप वाचणाऱ्या स्किमर केंद्रांकडूनही असे चुकीचे स्पॉट, म्हणजे केंद्र ऐकू आल्याच्या सूचना, येतात. पडद्यावर एक क्लिक केली की कॉलसाईन लॉगच्या रकान्यात येऊन बसते, आणि समोरचे केंद्र स्वतःचे नाव काय सांगते आहे हे ऐकण्याची तसदी कोणी घेत नाही. स्पॉट हा फक्त इशारा आहे. कॉलसाईन आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय तो संपर्क आपला झाला असे समजू नये. ज्या केंद्राचा चुकीचा स्पॉट पडला आहे, त्याने आपले कॉलसाईन वरचेवर आणि थोडे सावकाश देणे हा सर्वांत चांगला उपाय.

संपर्क चालू असताना

एक केंद्र ‘रन’ करते आहे, म्हणजे एकाच जागी बसून बोलावते आहे, आणि आपण त्याला हाक दिली. त्याने उत्तर दिले, पण आपले शेवटचे अक्षर चुकवले आणि लगेच स्वतःची माहितीही देऊन टाकली. अशा वेळी पुष्कळ नवे ऑपरेटर संकोचाने आपला क्रमांक देऊन मोकळे होतात. तसे करू नये. आपली माहिती रोखून धरावी आणि फक्त कॉलसाईन पुन्हा द्यावे, मोर्समध्ये दोनदा. माहिती दिली, की समोरच्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो आणि तो एंटर दाबतो. माहिती मिळालीच नाही, तर त्याला थांबावेच लागते. बोलून संपर्क असेल तर चुकलेल्या अक्षरावरच जोर द्यावा. सबंध कॉलसाईन त्याच वेगाने, त्याच शब्दांत पुन्हा म्हटले तर बरेचदा तीच चूक पुन्हा होते.

रन करणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी. गर्दीतून दोनच अक्षरे हाती लागली असतील तर तेवढीच म्हणावीत आणि ती ज्याची आहेत त्याचे कॉलसाईन पुरे होईपर्यंत दुसऱ्या कोणाला घेऊ नये. दुसरा जोरात ओरडतो आहे म्हणून पहिल्याला सोडले, की पाइलअपमधली (एकाच वेळी हाक देणाऱ्यांच्या गर्दीतली) शिस्त तिथेच मोडते आणि पुढचा तासभर सगळेच एकमेकांवर बोलत राहतात. दुरुस्ती झाल्यावर निरोप देताना दुरुस्त केलेले कॉलसाईन एकदा म्हणावे, म्हणजे हाक देणाऱ्यालाही खात्री पटते. हल्लीच्या लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते. पहिल्या उत्तरानंतर कॉलसाईन बदलले असेल, तर निरोपाच्या संदेशात नवे रूप आपोआप जाते.

दुरुस्ती पोहोचली की नाही हे कळलेच नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा हाक द्यावी. त्याने नीट घेतले असेल तर ती दुबार नोंद ठरेल, आणि दुबार नोंदीला बहुतेक स्पर्धांत दंड नसतो. याच कारणाने, आपल्या लॉगमध्ये आधीच असलेल्या केंद्राने पुन्हा हाक दिली तर ‘आधी झालंय’ म्हणून त्याला परतवू नये. तो पुन्हा आला, याचा अर्थ पहिल्या वेळी त्याच्या लॉगमध्ये आपण बरोबर गेलो नसण्याची शक्यता आहे. वाद घालण्यापेक्षा संपर्क करून टाकणे लवकर होते आणि दोघांच्याही भल्याचे असते.

लॉग कसे तपासतात

कागदी लॉगांच्या काळात तपासणी हाताने होई आणि साहजिकच ती नमुन्यापुरतीच असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅब्रिलो हा साधा मजकुराचा समान नमुना आला आणि सगळे लॉग एकमेकांशी ताडून पाहणे शक्य झाले. सीक्यू वर्ल्ड वाइडसारख्या जगभरच्या स्पर्धेला हजारो लॉग येतात. संगणक प्रत्येक ओळीची जोडीदार ओळ शोधतो: तोच बँड (फ्रीक्वेन्सींचा पट्टा), जवळपास तीच वेळ, एकमेकांची कॉलसाईन.

जोड सापडली नाही, तर खरे काम सुरू होते. ‘अ’ने ‘ब’शी संपर्क केल्याचे लिहिले आहे, पण ‘ब’च्या लॉगमध्ये ‘अ’ नाही. मग त्याच वेळी, त्याच बँडवर ‘अ’शी संपर्क केल्याचे दुसऱ्या कोणी लिहिले आहे का, आणि त्याचे कॉलसाईन ‘ब’शी एका-दोन अक्षरांनी मिळतेजुळते आहे का, हे पाहिले जाते. तसे आढळले तर ‘अ’कडून कॉल बस्ट झाला. असे कोणीच आढळले नाही तर ती नोंद ‘नॉट इन लॉग’, म्हणजे समोरच्याच्या लॉगमध्ये नसलेली. जे कॉलसाईन सगळ्या लॉगांत मिळून एकाच ठिकाणी दिसते, त्याला ‘युनिक’ म्हणतात. पण युनिक म्हणजे चूक नव्हे. सहज रेडिओ लावून एखादाच संपर्क करणारे आणि लॉग न पाठवणारे हॅम असतातच, आणि त्यांच्याशी झालेला संपर्क कष्टाने मिळवलेलाच असतो. चूक सिद्ध होत नाही तोवर युनिकला हात न लावण्याची पद्धत म्हणूनच योग्य आहे.

समोरच्याने माझे कॉलसाईन चुकवले, तर भुर्दंड त्याला बसतो, मला नाही. ज्याने जे ऐकले त्याची जबाबदारी त्याची, असा हा हिशेब आहे. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. त्याच्या चुकलेल्या नोंदीवरून आपली ओळख पटवता आली नाही, तर आपली नोंद ‘नॉट इन लॉग’ ठरू शकते.

दंड

नियम स्पर्धेगणिक बदलतात. काही ठिकाणी चुकीचा संपर्क फक्त काढून टाकतात. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये मात्र संपर्काचे गुण जातात आणि शिवाय त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी झालेल्या संपर्काला ३ गुण असतात, तेव्हा एका बस्टेड कॉलमुळे एकूण ९ गुण उतरतात. गुणांना गुणकांनी, म्हणजे संपर्कांत मिळालेल्या देशांच्या आणि झोनच्या (जगाच्या ठरवलेल्या विभागांच्या) संख्येने, गुणून अंतिम गुणसंख्या निघते. ३०० गुणक असतील, तर एका अक्षराची किंमत २,७०० गुण झाली. नवा देश किंवा झोन त्याच संपर्कातून मिळाला असेल, तर गुणकही जातो. शंका असताना पुन्हा विचारायला पाच सेकंद लागतात. हा हिशेब एकदा मनात बसला, की ‘वेळ जाईल’ म्हणून अंदाजाने एंटर दाबण्याचा मोह उरत नाही. दंड कडक वाटतो खरा, पण अंदाजाने भरलेला लॉग आणि काळजीने भरलेला लॉग यांत फरक करायला दुसरा उपाय नाही.

अहवाल आणि त्यानंतर

निकालाबरोबर अनेक स्पर्धा प्रत्येक सहभागी केंद्राला तपासणी अहवाल देतात. त्यात कोणते कॉलसाईन काय लिहिले आणि ते काय असायला हवे होते, याची जोडीने नोंद असते. हा अहवाल वाचताना एकेकट्या चुकीपेक्षा सवय शोधावी. एच आणि ५ यांच्या चुका सतत दिसत असतील, तर दोष ऐकण्याच्या वेगाचा. चुका रात्रीच्या शेवटच्या तासांत साचल्या असतील, तर झोपेचा. आणि अहवालातली बरोबर कॉलसाईन पाहून शेजारच्या कळांची अदलाबदल दिसली, तर कान शाबूत आहेत, बोटे चुकली. ‘सुपर चेक पार्शल’ या ज्ञात कॉलसाईनच्या यादीवर फार विसंबणाऱ्यांच्या अहवालात एक खास प्रकार दिसतो. हवेवर नवखे केंद्र होते आणि यादीतले ओळखीचे, मिळतेजुळते कॉलसाईन लिहिले गेले. यादीने शंका निर्माण करावी, उत्तर देऊ नये.

स्पर्धा संपल्यावर ध्वनिमुद्रण ऐकून, याद्या चाळून किंवा समोरच्याला ईमेल पाठवून कॉलसाईन सुधारणे सीक्यू वर्ल्ड वाइडच्या नियमांत स्पष्टपणे बंद आहे. लॉगमध्ये जायचे ते स्पर्धेच्या ४८ तासांत हवेवर जे ऐकले तेच. ध्वनिमुद्रणाचा उपयोग उलट दिशेने होतो. वरच्या क्रमांकासाठी लढणाऱ्यांकडून आयोजक ते मागवू शकतात आणि संशयास्पद नोंदी स्वतः ऐकून पाहतात.

एखादा संपर्क आपल्यालाच मान्य नसेल, उदाहरणार्थ तो परवानगी नसलेल्या फ्रीक्वेन्सीवर झाला असेल, तरी ती ओळ पुसून टाकू नये, कारण समोरचा निष्कारण ‘नॉट इन लॉग’ ठरतो. कॅब्रिलो नमुन्यात यासाठी ‘एक्स-क्यूएसओ’ ही खूण आहे. ती लावलेल्या ओळीचे गुण आपल्याला मिळत नाहीत, समोरच्याची नोंद मात्र तपासणीत जुळते आणि त्याचे गुण त्याच्याकडे राहतात.