भूप, देसकार आणि मंगळाची कक्षा

‘शास्त्रज्ञ शोधतो, कलावंत निर्माण करतो’ हे ऐकून कान किटले. त्यावर कुणीतरी आइनस्टाइनचं व्हायोलिन काढतं, की लगेच निकाल : दोघांची प्रतिभा एकच! डावा मेंदू-उजवा मेंदू सुरू झालं की मी उठून चहाला जातो.

सुचण्यापुरता फरक फारसा नाहीच. गाताना एखादी जागा सुचावी तसं १५९५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरला वर्गात शिकवताना धागा सापडला आणि त्यातून सुचलं : तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा, सुसम घन (ज्यांची सगळी पृष्ठं एकसारखी, असे घनाकार) पाच, घन एकात एक बसवले की ग्रहांमधली अंतरं मिळतात. कल्पना देखणी. तिचं चित्र आजही भिंतीवर शोभेल.

घोळ होतो तो पुढे. सुचलेल्या दोन गोष्टींपैकी एक टाकावीच लागते का?

भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. भूप गाताना धैवतावर रेंगाळलात तर गुरुजी तिथल्या तिथे थांबवतील, तेव्हा ‘कलेत काय, काहीही चालतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा तानपुऱ्यापुढे बसून बघावं. पण भूप खरा म्हणून देसकार खोटा, असं कुणी म्हणत नाही. त्याच पाच सुरांत दोघं सुखानं नांदतात.

मंगळाला ही चैन नव्हती. टायको ब्राहे या खगोल-निरीक्षकाच्या मंगळाच्या नोंदींशी केप्लरची वर्तुळाची मांडणी जवळजवळ जुळली. फरक उरला ८ कलांचा (अंशाच्या साठाव्या भागालाही आपण कलाच म्हणतो, गंमत आहे), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव. एखाद्यानं डोळेझाक केली असती. केप्लरनं मांडणी मोडली, अंडाकृती करून पाहिली, तीही टाकली आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापलं. नोंदी त्याच, पण त्यांत अंडाकृतीला लंबवर्तुळाशेजारी जागा नव्हती.

टाकायचं काय, हे कर्त्याच्या आवडीवरही नसतं. पाच घनांची ती लाडकी कल्पना केप्लरला सोडवेना. १६२१ मध्ये त्यानं ती मांडणारं आपलं जुनं पुस्तक टिपा जोडून पुन्हा काढलं. १७८१ मध्ये युरेनस सापडला, सातवा ग्रह. त्याच्यासाठी सहावा घन हवा होता, आणि भूमितीत सुसम घन पाचच आहेत.