'मूळ पुस्तकात असं नव्हतं': एका आक्षेपाची पार्श्वभूमी

परदेशी मालिकेतले कलाकार जाहीर झाले की जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या मोबाइलवरही वाद पेटतो. अमक्या पात्राला काळा कलाकार का घेतला? 2025 मध्ये 'हॅरी पॉटर'च्या नव्या मालिकेत जादूच्या शाळेतल्या स्नेप या शिक्षकाच्या भूमिकेवरून हेच झालं. आक्षेप घेणारे म्हणतात, आमचा रंगाला विरोध नाही, आम्ही मूळ कथेशी इमान राखतो.

गोऱ्या नटांनी तोंड रंगवून काळ्या नि आशियाई भूमिका करणं हॉलिवूडमध्ये कित्येक दशकं चाललं. इंटरनेटवरच्या चाहत्यांची संघटित मोहीम मात्र आधी उलट बाजूने निघाली. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या आशियाई धाटणीच्या अॅनिमेशन मालिकेवरच्या सिनेमासाठी 2008 च्या अखेरीस प्रमुख भूमिकांत गोरे कलाकार निवडले गेले, तेव्हा चाहत्यांनी निषेध केला. सिनेमा 2010 मध्ये आला, तेव्हाही मुख्य नायकांच्या भूमिकांत गोरेच होते.

मूळ कथेशी इमान या दाव्याची खरी कसोटी 2012 ची. 'द हंगर गेम्स' या कादंबरीवर सिनेमा आला. त्यातली रू ही बारा वर्षांची मुलगी. तिची त्वचा नि डोळे गडद तपकिरी आहेत, असं कादंबरीतच स्पष्ट लिहिलेलं आहे. सिनेमात काळी बालकलाकार दिसली आणि ट्विटरवर चाहते भडकले. रू काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचं तितकंसं वाईट वाटलं नाही, असंही काहींनी लिहिलं. हे लोक पुस्तक वाचलेलेच होते. वाचताना त्यांनी ते वाक्य ओलांडून मनात गोरी मुलगी उभी केली होती. पुस्तक आणि सिनेमा एकच सांगत असताना राग आला, म्हणजे राग पुस्तकासाठी नव्हताच. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तोच सर्वांत कमी आठवला जातो.

पुढचं सर्वांच्या ओळखीचं आहे. 2015 मध्ये लंडनच्या 'हॅरी पॉटर' नाटकात हर्मायनीसाठी काळ्या अभिनेत्रीची निवड, 2019 मध्ये 'द लिटिल मर्मेड' सिनेमातल्या जलपरीसाठी तशीच निवड, 2022 मध्ये तिच्या टीझरवर पडलेला नापसंतीचा पाऊस. खोल समुद्रात ऊन पोचत नाही, म्हणून जलपरी फिकटच असणार, असं 'विज्ञान'ही कुणीतरी मांडलं.

त्याच 2019 मध्ये 'बाला' या हिंदी सिनेमात सावळ्या नायिकेची भूमिका उजळ अभिनेत्रीला मेकअप फासून दिली गेली. टीका झाली, पण मूळ कथेचे पहारेकरी त्यात फारसे नव्हते. आपल्या घरातही तेच. महाभारतात द्रौपदीचं नावच कृष्णा आहे आणि श्रीकृष्ण सावळा आहे. छोट्या पडद्यावर दोघेही बहुतेकदा उजळच पाहिले, आणि मूळ ग्रंथाची आठवण कुणी काढली नाही.

खानदेशात हा प्रश्न दूरचा नाही. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. महाभारताच्या आदिपर्वात एकलव्याचं वर्णन काळा, मळलेल्या अंगाचा, काळं मृगाजिन पांघरलेला असं येतं आणि सातपुड्यातले भिल्ल त्याला आपला मानतात. तरी शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकलव्य म्हणून बाजारपेठेतला गोरा मुलगा उभा राहतो. त्याच्या हातापायांना काजळ चोळलं जातं, मनगटापाशी घामाने ते ओघळतं. भिल्ल-पावरा मुलं मागच्या रांगेत समूहनृत्याला असतात. या निवडीवर पालकसभेत कुणी मूळ कथेचा मुद्दा काढलेला मी अजून ऐकलेला नाही.