ट्रेव्ह्ज, सर फ्रेडरिक

(१५ फेब्रुवारी १८५३ – ७ डिसेंबर १९२३). इंग्रज शस्त्रक्रियाविशारद व शारीरविज्ञ. जन्म डॉर्सेट परगण्यातील डॉर्चेस्टर येथे. शिक्षण लंडन हॉस्पिटलमध्ये. तेथेच १८७९ पासून साहाय्यक व पुढे मुख्य शल्यचिकित्सक. आतडी व पर्युदर (उदरातील इंद्रियांवरील पातळ आवरण) यांच्या रचनेवरील त्यांची १८८५ ची व्याख्याने महत्त्वाची मानली जातात.

इंग्लंडमधील पहिली आंत्रपुच्छ-उच्छेदन (अपेंडिक्स काढून टाकण्याची) शस्त्रक्रिया ट्रेव्ह्ज यांनी १८८८ मध्ये केली, असे अनेक संदर्भग्रंथांत आढळते. हे विधान जपून स्वीकारावे लागते. १८८७ मधील त्यांच्या रुग्णात आंत्रपुच्छाची मुरड फक्त सोडविली होती, ते काढले नव्हते. इंग्लंडमधीलच शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी १८८० मध्येच कुजलेले आंत्रपुच्छ काढले होते. मात्र ती हकिकत १८९० पर्यंत प्रसिद्ध झाली नाही. राजाचे शल्यचिकित्सक क्लॉडियस अ‍ॅमियंड यांनी तर १७३५ मध्येच लंडनमध्ये ११ वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळातून (हर्नियातून) छिद्र पडलेले आंत्रपुच्छ काढले होते. अग्रक्रमाचा मान ट्रेव्ह्ज यांना देणे त्यामुळे कठीण आहे. आंत्रपुच्छाच्या दाहाचा तीव्र झटका ओसरू द्यावा व दोन झटक्यांच्या मधल्या काळात शस्त्रक्रिया करावी, या मताचा त्यांनी केलेला पुरस्कार हेच त्यांचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

१९०० मध्ये ते व्हिक्टोरिया राणीचे शल्यचिकित्सक झाले. त्याच सुमारास बोअर युद्धात त्यांनी रुग्णसेवा केली. सातव्या एडवर्डचा राज्यारोहण-समारंभ २६ जून १९०२ रोजी ठरला होता. उदरात पू झाल्याचे निदान होऊनही राजा तो पुढे ढकलण्यास राजी नव्हता. जंतुरोधक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक लिस्टर यांच्यासह ज्येष्ठांचा सल्ला घेऊन २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच ट्रेव्ह्ज यांनी शस्त्रक्रिया केली. भूल फ्रेडरिक ह्यूइट यांनी दिली. राजाचे आंत्रपुच्छ काढल्याचा समज रूढ आहे, पण प्रत्यक्षात गळू कापून पू वाहता केला गेला. समारंभ ९ ऑगस्टला पार पडला. ट्रेव्ह्ज यांना त्याच वर्षी बॅरोनेट हा किताब मिळाला.

सामान्य वाचकाला ते शारीरिक विकृतीमुळे ‘हत्तीमानव’ म्हटल्या गेलेल्या मेरिक या रुग्णामुळे ठाऊक असतात. १८८४ मध्ये रुग्णालयासमोरच्या दुकानातील प्रदर्शनात त्यांनी त्याला प्रथम पाहिले. १८८६ पासून १८९० मध्ये मरेपर्यंत तो रुग्णालयातच राहिला. त्याचे नाव जोसेफ; ट्रेव्ह्ज यांच्या आठवणींत मात्र ते जॉन असे आले असून तीच चूक नंतरच्या लेखकांनी गिरविली.

लोझॅन (स्वित्झर्लंड) येथे पर्युदरशोथाने (पर्युदराच्या दाहाने) ट्रेव्ह्ज यांचे निधन झाले.