‘पीत नाही’ की ‘पिऊ नका’ : ‘स्ट्रेट एज’ या संज्ञेची पार्श्वभूमी

हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉक संगीतातील ‘स्ट्रेट एज’ या संज्ञेला मराठीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो पुरेसा नाही. गळ्यात माळ घालणारा वारकरी मद्यमांस सोडतो, तेव्हा त्यामागे परंपरा असते, गुरू असतो आणि दिलेला शब्द असतो. वॉशिंग्टनच्या ज्या मुलांनी ही संज्ञा रूढ केली, त्यांच्यामागे यांपैकी काहीच नव्हते.

१९८० च्या उन्हाळ्यात त्या शहरातील टीन आयडल्स हा कोवळ्या वयाच्या मुलांचा बँड कॅलिफोर्नियाला गेला. सॅन फ्रान्सिस्कोमधील एका क्लबने त्यांना आत घेतले ते हातावर काळ्या शाईची मोठी फुली मारून. फुली असलेल्या हातात दारूचा ग्लास द्यायचा नाही, एवढाच तिचा अर्थ होता. परतल्यावर मुलांनी आपल्या शहरातील क्लबांपुढे हीच युक्ती ठेवली, कारण अल्पवयीनांना दारातच अडवले की संगीत ऐकण्याचा मार्गच बंद होत असे. पुढे त्यांच्या तबकडीच्या मुखपृष्ठावर फुली मारलेल्या मुठी छापल्या गेल्या, आणि मनाईची ही खूण मुले अभिमानाने मिरवू लागली.

संज्ञा आली ती १९८१ मध्ये, याच मुलांपैकी काहींनी काढलेल्या मायनर थ्रेट या बँडच्या पाऊण मिनिटाच्या गाण्यातून. खरा वाद मात्र त्यांच्या त्यानंतरच्या ‘आउट ऑफ स्टेप’ या गाण्यावर झाला. धूम्रपान, मद्य आणि उथळ शरीरसंबंध नाकारणाऱ्या त्यातील इंग्रजी ओळींना कर्ता नाही. मराठीत ‘पीत नाही’ आणि ‘पिऊ नका’ यांत गल्लत होऊच शकत नाही. इंग्रजीत तेच शब्द गायकाचे स्वतःविषयीचे सांगणे ठरतात आणि ऐकणाऱ्याला दिलेली आज्ञाही ठरू शकतात. बँडमधील एका वादकाने यावर आक्षेप घेतला. छापील शब्दांत ‘मी’ कंसात घातला गेला, आणि १९८३ मध्ये गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करताना गायकाने मध्येच बोलून खुलासा केला की ही नियमावली नाही, आपण कोणाला काय करावे हे सांगत नाही.

हा खुलासा ज्यांनी ऐकायला हवा होता, त्यांच्यापैकी अनेकांनी तो ऐकला नाही. नव्वदच्या दशकात काही गटांनी ‘पिऊ नका’ हाच अर्थ उचलला आणि तो धाकदपटशाने लादला. सॉल्ट लेक सिटीत तर पोलिसांनी स्ट्रेट एजची गणना टोळ्यांमध्ये केली. तिथली मारहाण गंभीर होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वृत्तवाहिन्यांनी तेवढीच उचलून धरली आणि कोणालाही न दुखावता हातावर फुली काढणारी असंख्य मुले त्या चित्रातून गाळली गेली. माध्यमे एखाद्या शब्दाचा अर्थ कसा बदलून टाकतात, याचा इतका ठळक दाखला क्वचितच मिळतो.

या संज्ञेतील मूळ आशय त्या नावाशिवाय पुढे नेला तो फुगाझी या बँडने, असे मला वाटते. १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्येच सुरू झालेल्या या बँडने स्वतःला स्ट्रेट एज म्हणवले नाही. मात्र तिकीट शक्यतो पाच डॉलर, प्रवेश सर्व वयांना खुला आणि बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, हे त्यांनी कसोशीने पाळले. दारू-सिगारेटच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकांना मुलाखती देण्याचे त्यांनी टाळले. माणसाची ओळख त्याच्या मालकीच्या वस्तूंवरून ठरत नाही, हे १९९० च्या त्यांच्या गाण्यात येते, तेव्हा श्रोत्याच्या खिशातून त्या संध्याकाळी किती पैसे गेले आहेत हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच ते शब्द पोकळ वाटत नाहीत. काही वर्षांत बड्या कंपन्या स्वतंत्र बँडांच्या मागे लागल्या. फुगाझीने त्यांचे प्रस्ताव नाकारले आणि आपल्याच शहरातील छोट्या प्रकाशनसंस्थेकडून तबकड्या काढणे चालू ठेवले.

प्रेक्षकांत कोणी इतरांना धक्काबुक्की करू लागला की फुगाझी वाजवणे थांबवत आणि त्याच्याशी व्यासपीठावरूनच बोलत. तरीही न ऐकणाऱ्याला बाहेर काढले जाई, पण जाताना त्याच्या हातात त्याचे पाच डॉलर परत दिले जात.