थंडीत उग्र ऊद का सोसवतो?

डिसेंबरात अत्तरवाल्याकडे गेलात तर तो हीना, शमामा, ऊद पुढे करतो. मे महिन्यात खस, गुलाब, मिट्टी. हा रिवाज बराच जुना आहे. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत हेमंतासाठी अगरूचा दाट लेप आहे आणि ग्रीष्मासाठी चंदनाचा गारवा. कारण विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात: ऊद उष्ण, म्हणून तो थंडीत खुलतो. यातलं ‘खुलतो’ मात्र भौतिकशास्त्राला मान्य नाही. थंडीत कुठलाच वास खुलत नाही, उलट तो आखडतो. आणि उदाच्या बाबतीत हे आखडणंच आपल्या पथ्यावर पडतं.

आपल्या घरांत तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतात तो ऊद बहुधा लोबानाच्या जातीचा डिंक असतो. अत्तरातला ऊद म्हणजे अगर. आसामपासून व्हिएतनाम-इंडोनेशियापर्यंत वाढणाऱ्या ॲक्विलारिया झाडांचं हे आजारी लाकूड. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. खोड पोखरणारी अळी आत शिरते, तिच्या वाटेने बुरशी येते आणि झाड स्वतःच्या बचावासाठी तिथे गडद राळ भरत जातं. हे वर्षानुवर्षं चालतं. मग त्या लाकडाचे तुकडे कित्येक दिवस पाण्यात आंबवायचे आणि भट्टीवर ऊर्ध्वपातनाने तेल काढायचं. आंबवण्यामुळे आसामी तेलाला चामड्याची, थेट गोठ्याची झाक येते, आणि पहिल्यांदा हुंगणारा दचकतो. आसामातलं होजाई हे या व्यापाराचं मोठं ठाणं. तिथलेच हाजी अजमल अली 1951 च्या सुमारास मुंबईत आले आणि त्यांनी उदाचा धंदा उभा केला. आज आखाती देशांत ‘अजमल’ हे नाव घराघरांत आहे. अतोनात तोडीमुळे ॲक्विलारिया मलॅकेन्सिस ही जात अतिसंकटग्रस्त ठरली आहे आणि 1995 पासून तिचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारा ‘ऊद’ प्रयोगशाळेतल्या रेणूंचा बनलेला असतो, हे यावरून ओळखावं. त्यात कमीपणा काही नाही, झाडं तरी वाचतात.

आता वासाकडे. वास यायचा तर रेणू त्वचेवरून सुटून हवेत जायला हवा, आणि ही सुटका तापमानावर ठरते. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हलकं असतं, त्याचा रेणूभार 136. ते 176 अंशांना उकळतं. उदातले मुख्य वासाचे रेणू, म्हणजे सेस्क्विटर्पीन अल्कोहोलं, 220 च्या आसपास भाराचे असतात आणि त्यांना उकळायला 280 अंशांहून जास्त तापमान लागतं. साहजिकच लिंबाचा वास तास-दीड तासात उडून जातो आणि उदाचा दुसऱ्या दिवशीही बाहीत सापडतो.

इथवर सगळं ओळखीचं आहे. पण त्वचेचं तापमान 33 अंशांवरून 23 वर आलं तर काय होतं? कडक थंडीत उघड्या मनगटाचं असं सहज होऊ शकतं. ढोबळ गणित करून पाहिलं तर लिमोनिनची वाफ साधारण निम्म्यावर येते, आणि उदाच्या जड रेणूंची जवळपास एकतृतीयांशावर. म्हणजे थंडीचा फटका जड वासाला जास्त बसतो. ‘जड अत्तर थंडीला दाद देत नाही’ या समजुतीच्या हे बरोबर उलट आहे. शुद्ध ऊद तेलाची बाटली थंडीत हातात घेतली तर थंडीचा परिणाम डोळ्यांनाही दिसतो. काही तेलं खोबरेल तेलासारखी थिजत येतात.

मग थंडीत ऊदच का? कारण त्याच्याकडे गमवायला भरपूर असतं. नाकाचा हिशोब सरळ रेषेत चालत नाही. हवेतले रेणू निम्मे झाले म्हणून वास निम्मा वाटत नाही, तो त्यापेक्षा कमी घटतो. शिवाय प्रमाण बदललं की वासाचा स्वभावही बदलतो. मोगऱ्यातलं इंडोल हे याचं गाजलेलं उदाहरण आहे: दाट असेल तर विष्ठेची आठवण, विरळ झालं की फूल. उदातल्या गोठ्याच्या छटेचंही तसंच आहे. मे महिन्यात दादरच्या गर्दीत, घामाच्या साक्षीने, ही छटा शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाते. निफाडच्या जानेवारीत तेच तेल चामडं, धूर, जुनं लाकूड इतपतच बोलतं. लिंबूवर्गी अत्तराची मात्र थंडीत पंचाईत होते. मुळात ते नाजूक, त्यात निम्मं झालं की नाकापर्यंत पोचतं न पोचतं.

मसाल्याच्या जोडीला वेगळं कारण आहे. ऊद बहुधा केशर, वेलदोडा, लवंग, दालचिनी यांच्या संगतीने येतो. यातले काही रेणू वासाच्या पेशींखेरीज स्पर्श आणि तापमान ओळखणाऱ्या चेतातंतूंनाही छेडतात. लवंगेतलं युजेनॉल टीआरपीव्ही-3 नावाची पेशींवरची जी वाट उघडतं, ती एरवी कोमट तापमानाला उघडते. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याची वाट उघडतं, त्याच्याच उलट हे झालं. या कुळातल्या तापमान ओळखणाऱ्या वाटांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत 2021 चं नोबेल मिळालं. पण अत्तराच्या फवाऱ्यातून नाकात जाणारं युजेनॉल इतकं थोडं असतं की खरीखुरी ऊब त्यातून मिळेल असं मला वाटत नाही. लवंग-दालचिनीचा वास आपण गरम चहा-काढ्याबरोबर इतकी वर्षं घेतलेला असतो की मेंदू उरलेलं काम स्वतःच करतो.

ऊद म्हणजे हिवाळाच, असा मात्र नियम करता येत नाही. तो सर्वांत हौसेने वापरला जातो तो आखातात, जिथे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. तिथे पाहुणा निघताना बखूरचा, म्हणजे निखाऱ्यावर टाकलेल्या सुगंधी लाकडाचा, धूर कपड्यांना देतात. वासाची भाषा शेवटी सवयीने ठरते. जळत्या लाकडाचा वास तेलापेक्षा वेगळा येतो तो क्रोमोन नावाच्या आणखी जड रेणूंमुळे. ते तापवल्यावर फुटून गोडसर वास देतात. त्वचेच्या उबेला ते दाद देत नाहीत.

थंडीत लावायचा तर कुठे? उघड्या मनगटावर फार उपयोग नाही. मफलरखाली मान, कानामागे, छातीवर स्वेटरच्या आत त्वचा 33 अंशांच्या जवळपास राहते आणि तापलेली हवा गळ्यातून वर नाकाकडे येत राहते. कानात फाया ठेवणाऱ्या आजोबांना हे गणित न मांडता कळलं होतं. लोकरही वास धरून ठेवते. टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाला यातली गफलत चांगली ठाऊक असते. बाहेर उणे दहा, अंगावर तीन थर, वास येत नाही म्हणून आणखी दोन फवारे. ऑफिसात 22 अंशांत कोट उतरवला की आत साठलेला सगळा दरवळ एकदम मोकळा होतो. स्वतःला तो जाणवत नाही, कारण नाक सततच्या वासाला काही मिनिटांतच सरावतं. तेव्हा प्रमाण घरातल्या उबेत ठरवावं, रस्त्यावर नव्हे.

युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड काहींच्या त्वचेला खाज आणतं. थंडीत कोरड्या पडलेल्या, भेगाळलेल्या कातडीला तर अधिकच. अशांनी अत्तर कपड्याला लावावं, तेही आतल्या अस्तराला. अस्सल ऊद तेल बहुधा गडद तपकिरी असतं, आणि पांढऱ्या झब्ब्यावर पडलेला त्याचा डाग सहजासहजी निघत नाही.